चार सिलिंडरचा मी आणि पिशोरची चढण

मी इंजिन बोलतोय. मोटारीचं, चार सिलिंडरचं, अंगानं लहान. लहान हा शब्द मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला तसदी नको. जन्मभर तो मी इतक्यांच्या तोंडून ऐकलाय की आता त्याचा राग येत नाही. म्हणजे येतो, पण पूर्वीइतका नाही.

माणसांची एक गंमत मला कधी कळली नाही. मोटार आली की ती रंग बघतात, गाद्या दाबून बघतात, भोंगा वाजवून बघतात, काचेत स्वतःच्या मिशा बघतात. ज्याच्यामुळं हे सगळं धूड जागचं हलतं त्याच्यावर मात्र झाकण. ते झाकण उघडतात केव्हा, तर मी बंद पडल्यावर. मग पाच-सहा डोकी आत वाकतात आणि प्रत्येक जण वेगळं कारण सांगतो. म्हणून म्हटलं, एकदा आपली हकिकत आपणच सांगावी.

माझा जन्म विलायतेतला. तिथलं फारसं आठवत नाही. थंडी आठवते आणि रांगेत मांडलेली माझ्यासारखीच भावंडं आठवतात. पेटीत घालून, भुशात दडपून मला मुंबई बंदरावर उतरवलं आणि तिथून निजामाच्या मुलखात आणलं, वैजापूरला. तिथल्या कापसाच्या कारखान्यातल्या एका साहेबाच्या दोन माणसांच्या मोटारीत माझी सोय झाली. साहेब गाडी जोरात हाकायचा आणि हाकताना शीळ घालायचा. एके दिवशी समोरून कांद्याच्या गाड्यांची रांग आली. साहेबाला शीळ थांबवायचं सुचलं, ब्रेक दाबायचं सुचलं नाही. गाडी नाल्यात गेली. साहेबाला खरचटलंही नाही, गाडीचा चुराडा झाला आणि मी तेवढा शाबूत राहिलो.

मग एका गिरणीवाल्यानं मला नेलं. लाकडी ओंडक्यांवर पक्कं बसवलं, पट्टा लावला आणि पिठाच्या जात्याला जुंपलं. सहा वर्षं मी ज्वारी-बाजरी दळली. मोटारीच्या इंजिनाला एका जागी उभं राहून पळायला लावणं म्हणजे काय, ते तुम्हाला कसं सांगू. पळायचं दिवसभर आणि पोचायचं कुठंच नाही. वर नाकातोंडात पीठ. दळणाला येणाऱ्या बायका मात्र चांगल्या होत्या. पीठ होईस्तोवर माझ्या उबेला बसायच्या आणि घरचं सगळं बोलायच्या. वैजापूरच्या निम्म्या घरांतली भांडणं मला तारीखवार पाठ होती.

पुढं गिरणीवाल्यानं मोठं तेलाचं इंजिन आणलं आणि माझी रवानगी भंगाराच्या आवारात झाली, कांद्याच्या रिकाम्या पोत्यांखाली. दोन पावसाळे मी तिथं काढले. एका मांजरीनं माझ्या आडोशाला तीनदा पिलं घातली, एवढाच त्या काळातला माझा उपयोग.

तिकडं पिशोरला नानासाहेबांच्या मोटारीचं इंजिन फुटलं होतं. नानासाहेब म्हणजे पिशोरचे बडे जमीनदार. त्यांची मोटार उघडी, पंधरा वर्षांची जुनी, पण वजनानं हलकी आणि हाडापेरानं चांगली. ती चालवायचा सांडू. सांडूचा जीव प्रेमळ, पण डोकं उतावीळ. पिशोरच्या अलीकडं रस्त्याला एक उभी चढण आहे. तिथं इंजिन तापून उकळायला लागलं, तशी सांडूला त्याची दया आली. त्यानं विहिरीच्या गार पाण्याची घागर त्या तापल्या लोखंडावर रिकामी केली. इंजिनाला वरपासून खालपर्यंत चीर गेली. सांडू पुढं वर्षभर सांगत होता, "म्या तर त्याला पाणी पाजलं."

नानासाहेब औरंगाबादेला चांदपाशा मिस्त्रींकडं आले. गुलमंडीच्या मागच्या बोळात मिस्त्रींचं दुकान होतं. पुढं कामाची फळी, मागं अंगण आणि अंगणाला लागून घर. मोटारीचं दुखणं मिस्त्रींना नाडीवरून कळतं, असा त्यांचा लौकिक होता. नवं इंजिन मिळणं मुश्कील, म्हणून दुसऱ्या गाडीचं चांगलं इंजिन शोधायचं ठरलं. मिस्त्री, नानासाहेब आणि सांडू असे तिघं शोधत शोधत वैजापूरच्या त्या भंगाराच्या आवारात येऊन पोचले.

आवारात बघण्यासारखी दोनच इंजिनं होती. एक सहा सिलिंडरचं, लांबलचक, वर पितळी टोपणं. दुसरा मी, पोत्यांखाली. नानासाहेब सहावाल्यापुढं जे उभे राहिले ते हलेनात. कारण साधं होतं. वैजापूरच्या काकासाहेबांच्या मोटारीत सहा सिलिंडर होते आणि नानासाहेबांना ते फार दिवस खुपत होतं.

"मिस्त्री, ह्येच बसवा," ते म्हणाले. "काकासाहेबाच्या गाडीचा आवाज एका कोसावरून येतो."

"आवाज येतो, गाडी लई मागून येती," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी खिशातून एक दोरी काढली. नानासाहेबांच्या गाडीत इंजिनाला जागा किती, ते त्यांनी घरूनच दोरीला गाठी मारून आणलं होतं. दोरी सहावाल्यावर धरली. गाठ संपली, तरी हातभर इंजिन शिल्लक.

"ह्ये बसवतो," मिस्त्री म्हणाले, "पण मग तुमाला मागं बसावं लागंल, नानासाहेब. फुडच्या शिटावर इंजिन बसंल. अन् एवढं वजन फुडं आलं की चाकं वळायची नायत."

मग त्यांनी माझ्यावरची पोती उचलली. मांजर उठून गेली. त्यांनी माझे चारही प्लग काढले, सांडूला हँडल फिरवायला लावलं आणि प्लगच्या एकेका भोकावर अंगठा दाबून धरला. आतून हवा अंगठ्याला किती जोरानं ढकलते ते ते बघत होते. मी दोन वर्षांत पहिल्यांदाच श्वास घेत होतो. होता नव्हता तेवढा दम लावला.

"चारी जिवंत हायेत," मिस्त्री म्हणाले. "चार सिलिंडर बास झाले."

"एवढंसं?" नानासाहेब म्हणाले.

मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"गाडीच्या मापाचं इंजिन पायजे, नानासाहेब. ह्ये सहा साल गिरणीत एका दमानं पळालंय. ह्याला मधी थांबायची सवय नाय."

माझ्याबद्दल इतकं चांगलं तोवर कुणी बोललं नव्हतं. नानासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि अट घातली. दिवाळीनंतरच्या पहिल्या बाजाराला पिशोरात जायचं, गाडीत चार माणसं बसवायची आणि चढण एकदाही न थांबता चढायची. नाही जमलं तर सहावालं बसवायचं, मग ते गाडी कापून बसवावं लागलं तरी चालेल. मिस्त्रींनी मान हलवली आणि मला बैलगाडीत चढवलं.

आता खरी गोष्ट सांगतो, जी तेव्हा गुलमंडीत कुणालाच माहीत नव्हती. मिस्त्रींचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरत होता. पाना धरला की कमी, बारीक काम आलं की जास्त. इंजिनाचं दुखणं त्यांना अजूनही अचूक कळायचं, पण नाजूक काम हाताला होत नव्हतं. ते काम मागच्या अंगणात त्यांची बायको सगीराबी करायची. सगीराबीला मी एकेरीतच बोलतो, आईला बोलतात तसं.

ती हिमरू विणणाऱ्या घरातली लेक. सुताचा जाड-बारीकपणा तिला डोळ्यांआधी बोटांना कळायचा. रात्रंदिवस मिस्त्रींसोबत राहून इंजिनाचं पोट तिला पाठ झालं होतं. दुकानात गिऱ्हाईक आलं की मिस्त्री पुढं बोलत, मागं तिचा हात चालू असे. लोक म्हणत, चांदपाशाचा हात काय सफाईचा आहे.

त्यांचा मुलगा गयास हैद्राबादेत एका वर्कशॉपात नोकरीला होता. मी अंगणात आलो त्याच आठवड्यात तो सुटीवर आला. मुलगा गुणी होता. आईचे काळे झालेले हात बघून त्याला वाईट वाटे.

"अब्बा, अब बस करो," तो म्हणाला. "मेरे पास रहो. घर में नल है, बिजली की बत्ती है. अम्मी कब तक ये कालिख में हात डालती?"

मिस्त्रींनी माझ्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "ये इंजिन पिशोर चढ गया तो दुकान रहेगी. नहीं चढा तो बंद करके तेरे साथ चलते. अल्ला की कसम."

सगीराबी चुलीपाशी होती. तिला कुणी विचारलं नाही. गयास झोपायला गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "वहाँ मेरेकू कौन पहचानता जी? यहाँ दो दिन दरवाजे में नहीं दिखी तो चार घर पूछने आते."

म्हणजे बघा, नानासाहेबांना फक्त काकासाहेबांच्या पुढं जायचं होतं. सगीराबीचं मात्र घर, अंगण, शेजारपाजार, सगळं माझ्या चार सिलिंडरवर येऊन ठेपलं होतं. एवढी जोखीम मला विलायतेत कुणी सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सुटा होऊन चादरीवर आलो. सगीराबीनं आधी माझ्या आतलं गिरणीचं पीठ काढलं. ते जळून दगड झालं होतं. "भाकऱ्या थापल्या का रे आत?" ती मला म्हणाली. मिस्त्रींनी पिस्टनच्या नव्या रिंगा मिळवल्या. हवा आत-बाहेर सोडणारे माझे आठ वाल तिनं एकेक करून त्यांच्या जागी घासले, इतके की त्यात रॉकेल ओतून ठेवलं तरी दुसऱ्या दिवशी थेंब खाली नसे.

सगळ्यात अवघड काम बेअरिंगचं. माझ्या पोटात एक वाकडातिकडा दांडा फिरतो. तो ज्या खोबणींत बसतो त्यांत मिस्त्रींनी पांढरा धातू वितळवून ओतला. आता तो धातू दांड्याला सगळीकडं सारखा टेकला पाहिजे, केसाचाही उंचवटा नको. सगीराबीनं दिव्यावर काजळ धरलं, त्यात तेल कालवलं आणि ते दांड्याला लावलं. दांडा खोबणीत फिरवून काढला की जिथं उंचवटा तिथं काळा डाग. तेवढाच डाग ती पातळ पात्यानं खरवडायची. पुन्हा काजळ, पुन्हा दांडा, पुन्हा डाग. सतरा दिवस हे चाललं होतं. शेजारची गुलशन भांडं मागायला आली तेव्हा म्हणाली, "लेकीला काजळ लावल्यागत लावतीस गं इंजिनाला." सगीराबी हसली, पण पातं थांबलं नाही. अठराव्या दिवशी दांडा बोटानं ढकलला तरी फिरायला लागला. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

मग मी नानासाहेबांच्या गाडीत बसलो. दोरी खरी निघाली, मी त्या जागेत अगदी बेताचा मावलो. बाजार तीन दिवसांवर आला होता. तो शुक्रवार होता. ठिणगी पाडणाऱ्या यंत्रापासून, म्हणजे मॅग्नेटोपासून, माझ्या चार प्लगांकडं चार वायरी जायच्या होत्या. माझे सिलिंडर ओळीनं पेटत नाहीत. आधी पहिला, मग तिसरा, मग चौथा, मग दुसरा, असा माझा क्रम. वायरी त्याच क्रमानं लावाव्या लागतात.

मिस्त्रींनी पहिली वायर लावली आणि तेवढ्यात मशिदीत जुम्म्याची वेळ झाली. दुपारी नानासाहेब येणार होते. सांडू तर सकाळपासून मांजरासारखा गाडीभोवती फिरत होता. जुनं इंजिन त्याच्या हातून गेलेलं. नव्याला आपला हात लागावा म्हणून त्याचा जीव वरखाली होत होता.

"चाचा, तीनच वायरी ऱ्हायल्यात. मी लावतो नं. तुमी लिवून द्या."

मिस्त्रींनी कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलीनं उर्दूत तीन आकडे लिहिले आणि ते नमाजला गेले. सांडूला उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं, पण आकडे झोपेतसुद्धा वाचता येत. निजामाच्या राज्यात मैलाच्या दगडावर तेच, नाण्यावर तेच. त्यानं चिठ्ठी समोर धरली, जीभ दातांत धरली आणि वायरी लावल्या.

मला लगेच कळलं की माझ्या दुसऱ्याची वायर तिसऱ्याला आणि तिसऱ्याची दुसऱ्याला गेली आहे. पण सांगणार कसं? मला एकच भाषा येते आणि ती चालू केल्यावरच.

दुपारी नानासाहेब आले. मिस्त्रींनी हँडल मारलं. मी बोललो. पण काय बोललो, तर धाड. मग फुस्स. मग पुन्हा धाड. पहिला आणि चौथा बरोबर पेटत होते, दुसरा आणि तिसरा नको तेव्हा ठिणगी खात होते. पुढून मी शिंकलो, मागून सायलेन्सरमधून बार काढला. बोळाच्या तोंडाशी उभ्या टांग्याचा घोडा टांग्यासकट निघून गेला. कापडवाले दुकानाच्या पायऱ्या उतरून बघायला आले आणि प्रत्येकानं वेगळं कारण सांगितलं.

"मिस्त्री," नानासाहेब म्हणाले, "ह्ये इंजिन हाय का लग्नातले फटाके?"

मिस्त्रींनी चिठ्ठी उचलून वाचली. बरोबर होती. सांडूनं चिठ्ठी वाचली. बरोबर होती. दोघांनी मिळून वाचली, तरी बरोबर होती. मग मिस्त्रींनी वायरींचा विषयच सोडला. दोघांनी सारखंच वाचलं असं समजून दोघं निर्धास्त झाले होते.

नानासाहेब गेले. जाताना म्हणाले, बाजारादिवशी सकाळी येतो. असंच खोकलं तर सहावालं उचलायला गाडी धाडतो.

दोन दिवस मिस्त्रींनी पेट्रोलची नळी बघितली, कार्बुरेटर बघितला, प्लग बदलले. मी तसाच. शेवटी शनिवारी संध्याकाळी ते सगीराबीला म्हणाले, "वाल तो ठीक बैठे थे ना?"

सतरा दिवस काजळ आणि पातं घेऊन बसलेल्या बाईला हा प्रश्न. मिस्त्रींनाही तो विचारल्याबरोबर पश्चात्ताप झाला असावा, कारण त्यांनी जेवायला नको म्हटलं. त्या घरात त्या रात्री कुणीच जेवलं नाही. मला माझ्या फटाक्यांची फार लाज वाटली.

रविवारी सकाळी सगीराबी डोक्यावरून पदर घेऊन पुढच्या दुकानात आली. गिऱ्हाइकाच्या माणसासमोर ती कधी येत नसे. सांडू गडबडून उठून उभा राहिला. तिनं मला चालू करायला सांगितलं. मी धाड-फुस्स सुरू केलं. तिनं बोटं पाण्यात बुडवून माझ्या धुराच्या चार नळ्यांवर एकेक थेंब टाकला. पहिल्या नळीवर थेंब चर्र झाला. चौथीवर चर्र झाला. मधल्या दोघींवर तसाच ओघळून गेला.

"वाल बिघडले असते तर कुठला बी एक बिघडला असता," ती म्हणाली. "मधले दोनच, अन् दोनी सारखेच थंड? आमच्या मागावर दोन धागे अदलाबदल झाले की असंच फूल बिघडतं."

तिनं सांडूकडं चिठ्ठी मागितली, त्याच्या पुढ्यात धरली आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचायला सांगितलं. सांडूनं डावीकडच्या आकड्यावर बोट ठेवलं. "दोन. चार. तीन."

मिस्त्रींनी तोंडावर हात ठेवला. त्यांनी उजवीकडून लिहिलं होतं: तीन, चार, दोन. उर्दू लिहिणारा माणूस दुसरं कसं लिहिणार, आणि मराठी वाचणारा दुसरं कसं वाचणार? एकच संख्या उर्दूतही डावीकडूनच लिहितात; मैलाच्या दगडावर चोवीस लिहिले तर ते दोघं सारखेच वाचायचे, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

सांडू खाली बसला. "चाची, माजाच हात वंगाळ हाय. पैलं बी म्याच मारलं."

"हात चांगलाय," सगीराबी म्हणाली. "ऊठ, तुझ्याच हातानं बदल."

त्यानं वायरी बदलल्या. मिस्त्रींनी हँडल मारलं आणि मी चारी सिलिंडरांनी बोललो. धाड नाही, फुस्स नाही. सगीराबीनं माझ्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मिस्त्री तिच्याकडं न बघता म्हणाले, "माफ कर." ती म्हणाली, "पहिले खाना खाओ."

बाजाराच्या दिवशी नानासाहेब, त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई आणि मिस्त्री गाडीत बसले आणि सांडू चालवायला. मनकर्णाबाईंनी पाण्याची घागर स्वतःच्या मांडीवर घेतली होती. सांडूनं मागितली तरी आपण म्हणू तेव्हाच मिळेल, असं त्यांनी निघतानाच बजावलं.

चढण आली. सांडूनं पहिला गिअर टाकला. मी काही उडत गेलो नाही, खोटं कशाला सांगू. बाजाराला निघालेली एक बैलगाडी आमच्या बाजूनंच चालली होती आणि गाडीवान नानासाहेबांशी गप्पा मारत होता.

"कुठं निघाले, मालक?"

"बाजाराला," नानासाहेब दुसरीकडं बघत म्हणाले.

"मग चला की संगटच."

अर्ध्या चढणीवर मी चांगलाच तापलो. मागच्या इंजिनाला जिथं चीर गेली होती ते वळण आलं. मला थांबावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण मला ती बेअरिंगं आठवली आणि दारात चौकशीला येणारी ती चार घरं आठवली. ती मी कधी पाहिली नव्हती. मी एकेक फेरा मोजत गेलो. बैल दमून मागं पडले. मग रस्ता सपाट झाला आणि सांडूनं दुसरा गिअर टाकला.

बाजारात पोचेपर्यंत नानासाहेब लोकांना सांगत होते, "म्या पैल्यापासून म्हणत व्हतो, चारच सिलिंडर पायजेत."

नवी विहीर लागली, नवी गाडी झाली की कारागिराला फेटा बांधायची तिकडची रीत. नानासाहेबांनी भर बाजारात फेटा मागवला आणि ते मिस्त्रींच्या डोक्याला बांधू लागले. मिस्त्रींनी त्यांचा हात धरला.

"ह्यो मला नका बांधू," ते म्हणाले. त्यांनी आपला उजवा हात सगळ्यांसमोर पुढं केला. तो थरथरत होता. "दोन साल झाले. ह्या इंजिनाच्या आतलं समदं काम माझ्या घरवालीनं केलंय. ह्याच्या आधीच्या गाड्यांचं बी."

ज्या हाताच्या नावावर दुकान चालत होतं तो हात त्यांनी सगळ्यांना दाखवला होता. नानासाहेब फेटा धरून नुसते उभे.

मनकर्णाबाई पुढं झाल्या. "बांधा फेटा," त्या म्हणाल्या. "खरं बोलले म्हणून बांधा. अन् त्यांच्या घरी लुगडं मी धाडते."

त्या लुगड्याचा काठ सगीराबीनं अंगठ्याखाली चोळून बघितला आणि सूत बरं आहे असा निकाल दिला. दुकान राहिलं. उलट लोक आता गाडी घेऊन आले की विचारत, सगीराबी घरी आहेत ना? गयासनं हैद्राबादेहून काही लिहिलं नाही. महिन्याभरानं एक पुडकं पाठवलं. त्यात धातू खरवडायची तीन उत्तम पाती होती, आईच्या हाताला बसतील अशा मुठींची.

त्यानंतर बारा वर्षं मी ती चढण चढलो. काकासाहेबांची सहा सिलिंडरची गाडी विकली गेली, हे मला सांगायला सांडू मुद्दाम बॉनेट उघडून आला होता. मोठ्या लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा आठवड्यातून एकदाच चालायचो, पण चालायचो. गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात सांडूनं एकदा माझं झाकण उघडलं. मला काही झालं नव्हतं. तो आत वाकून म्हणाला, "चाचा गेले रं." मग झाकण लावून निघून गेला. मला रडता येत नाही. त्या दिवशी मी दोनदा बंद पडलो, तेवढंच.

यंदा माझाच दम उणा पडायला लागला. तेल जाळायला लागलो, धूर काढायला लागलो. नानासाहेबांनी मला बैलगाडीत गवतावर निजवून औरंगाबादेला सगीराबीकडं पाठवलं. म्हणून मी आत्ता तिच्या अंगणात चादरीवर सुटा पडलोय. तुमच्याशी बोलतोय तो असा, शंभर तुकड्यांनी.

गयास तिला न्यायला आला होता. एकटीनं राहू नको म्हणतो, आणि त्याचं चुकत नाही. तिनं त्याला शब्द दिलाय, "ये एक इंजिन हो जाने दे, फिर चलती." काम आठ दिवसांचं. आज तिसरा महिना लागला. ती रोज सकाळी मला पुसते, एक तुकडा उचलते, उन्हात धरते, परत ठेवते. शेजारच्या बायका येऊन बसतात. गयासनं विचारलं तर सांगायची, चौथ्या पिस्टनची पिन सापडत नाही, पिनीवाचून जोडू कसं?

पिन तिनं ज्वारीच्या कोठीत ठेवली आहे. मी बघितलंय. मागच्या महिन्यात सांडू चौकशीला आला, त्यानं चादर बघितली, तिच्याकडं बघितलं आणि जाऊन नानासाहेबांना सांगितलं की लई काम हाय, वरीस लागंल.

परवा ती शेजारी गेली होती. गयासनं दळणासाठी कोठीत हात घातला आणि ज्वारीबरोबर पिन त्याच्या मुठीत आली. तो वर्कशॉपातला माणूस, त्यानं ती लगेच ओळखली. मग त्यानं पिन होती तिथं ठेवली, वर ज्वारी लोटली आणि हात झटकले. आई आली तेव्हा तो सामान बांधत होता.

"अम्मी, मैं जाता हूँ," तो म्हणाला. "वो पिन इधर मिलने की नहीं. हैद्राबाद में ढूँढता. टाइम लगेगा."

"कितना?"

"बहुत," गयास म्हणाला.

तर तुम्ही कधी गुलमंडीच्या मागच्या बोळात आलात, अंगणात चादर दिसली आणि तिच्यापाशी बसलेली म्हातारी दिसली, तर जरूर थांबा, बोला, चहा देईल तो घ्या. एवढंच करा, इंजिन कधी होणार असं तिला विचारू नका. मी पळण्यासाठीच जन्मलो, पळण्यावाचून मला दुसरं काही येत नाही. तरी सांगतो, मला इतक्यात कुणी जोडू नका.